मार खाऊन घरी यायचं नाही

पहिलीचं वर्ष असो नाहीतर पाचवीला नवी शाळा, कोल्हापुरात पोरगं दप्तर पाठीला लावून बाहेर पडलं की घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा आजोबा नाहीतर चुलता, त्याला बजावतोच, "कुणी एक दिली तर दोन ठेवून द्यायच्या. मार खाऊन घरी यायचं नाही." म्हणणाऱ्याच्या मनात माया असते. आपलं लेकरू कुणाच्या पायाखाली जाऊ नये एवढीच त्याची इच्छा असते. पण हे वाक्य पोराच्या मनात जाऊन काय करतं तेही बघायला हवं. ज्याच्या अंगात दोन ठेवून द्यायची ताकद आहे त्याला असं काही सांगायची गरज पडत नाही. ज्याच्यात ती नाही, तो मार खातो आणि वर ते घरी सांगायची सोयही गमावून बसतो. बाहेर मार, घरात लाज. मग शर्टाचं बटण तुटलं तर "खेळताना तुटलं", ओठ सुजला तर "बेंचवर आपटलो". हात उचलायला शिकवायचं म्हणून बोललेलं वाक्य त्याचं तोंड बंद करून जातं.

दुसऱ्या टोकाला काही घरं अशी असतात की तिथं "काही झालं तरी हात उचलायचा नाही, सरांना सांगायचं" एवढंच शिकवलं जातं. सर तिथं नसतात, मान भिंतीला दाबलेली असते, आणि आज्ञाधारक पोरगं हात खाली सोडून उभं राहतं. हेही मला पटत नाही.

त्रास देणाऱ्याला मुलानं उलट मारावं का, या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकीत अडकलेल्या आहेत. अंगावर आलेल्यापासून स्वतःला सोडवून घेणं ही एक, आणि त्याला धडा शिकवणं ही दुसरी. पहिली प्रत्येक मुलाला आणि मुलीला आली पाहिजे. ती आपोआप येत नाही, सरावानं येते. दुसरी मोठ्या माणसांची जबाबदारी आहे, ती पोराच्या खांद्यावर टाकणं चूक आहे.

कुस्तीच्या गावात हे समजावून द्यायला फार लांब जावं लागू नये. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ सालचं. तिथं कुस्ती लागते ती जोड बघून. वय, वजन, तयारी पाहून जोड ठरते, सलामी होते, पंच मध्ये उभा असतो, पाठ लागली की हात सुटतात. ३० किलोच्या पोरासमोर ५० किलोचा पोरगा उभा केला तर बघणारीच माणसं उठून ओरडतील. शाळेतला छळ नेमका जोड नसलेला असतो. स्वीडन-नॉर्वेत १९७०च्या दशकापासून या विषयावर काम केलेल्या डॅन ओल्वेउस यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा होणारा, आणि ज्याच्यावर होतो त्याला स्वतःच्या बळावर परतवता येत नाही असा. ताकद म्हणजे फक्त वजन नव्हे. दोनचार पोरांचं टोळकं, वरची इयत्ता, चटकन टोमणा मारता येणं, वडिलांची ओळख, मोबाइलमध्ये काढून ठेवलेला एखादा फोटो, हे सगळं ताकदीतच येतं.

आउट दिलं की नाही यावरून मधल्या सुट्टीत दोन सारखी पोरं एकमेकांची कॉलर धरतात, ते यात धरायचं नाही. तिथं एकानं ढकललं, दुसऱ्यानं ढकललं, दुसऱ्या दिवशी दोघं एकाच डब्यात जेवतात. अशा ठिकाणी आईबापांनी मध्ये पडूच नये. "मी एकदा ठेवून दिली आणि विषय संपला" असं मोठी माणसं सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा ती अशाच बरोबरीच्या भांडणाबद्दल बोलत असतात. तो अनुभव खरा असतो, पण ज्याचा डबा रोज तिघं मिळून हिसकावून घेतात त्या पोराला तो लागू पडत नाही.

त्या पोरानं उलट मारलं तर काय होतं? पहिली गोष्ट, शिक्षकांचं लक्ष आवाजानं जातं आणि आवाज दुसऱ्या फटक्याला होतो. पहिली चिमटी, पायात घातलेला पाय, कानात बोललेली शिवी कुणाच्या नजरेला पडत नाही. त्यानंतरचा ठोसा सगळ्या वर्गाला दिसतो. डायरीत शेरा येतो तो ठोसा मारणाऱ्याच्या. त्रास देण्यात मुरलेल्या पोराला हे पक्कं माहीत असतं, आणि समोरच्याला डिवचून हात उचलायला लावणं हाच त्याचा डाव असतो. चिडून, रडत, हातपाय झाडत मारणाऱ्या पोराकडं बघायला गर्दी जमते, आणि गर्दी हेच तर त्याला हवं असतं. अमेरिकेत बालवाडीच्या वयाच्या मुलांवर झालेल्या १९९७च्या एका अभ्यासात उलट मारणाऱ्या मुलांचा त्रास पुढं चालू राहिलेला दिसला, आणि मित्र मदतीला आलेल्या मुलांचा कमी झालेला.

दुसरी गोष्ट आपल्या गावाची. इथं भांडण वर्गात सुरू होतं आणि संध्याकाळपर्यंत पेठेत पोचतं. मार खाल्लेल्याचा भाऊ येतो, भावाबरोबर गल्लीतली चार पोरं येतात, समोरून मंडळाची आठ. राजारामपुरीतल्या क्लासच्या पार्किंगमध्ये नाहीतर रंकाळ्याच्या कट्ट्यावर "बोलायला" बोलावलं जातं आणि कुणीतरी व्हिडिओ काढत असतो. सातवीतल्या पोराचा डबा कुणी सांडला होता हे तोपर्यंत कुणाच्या लक्षातही नसतं. म्हणून मोठ्या भावाला आधीच सांगून ठेवलेलं बरं: तू त्याला शाळेतून आणायला जा, बरोबर चाल, पण पोरं घेऊन जाऊ नकोस.

तिसरी गोष्ट शरीराची, आणि ती कुणी सांगतच नाही. ठोसा मारणं हे न शिकलेल्याच्या स्वतःच्याच हाताला महागात पडतं. आडवा फिरवलेला ठोसा करंगळीच्या बाजूच्या गाठीवर बसतो आणि तिथलं तळहाताचं हाड मोडतं. ठोसा समोरच्याच्या दातावर लागला तर बोटांच्या गाठीवर बारीकशी जखम होते, दिसायला खरचटल्यासारखी. पण तोंडातले जंतू थेट सांध्यात जातात आणि दोन दिवसांत हात सुजून लाल होतो. अशी जखम हळद लावून सोडायची नसते, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायची आणि दातावर लागलं हे सांगायचं, लपवायचं नाही. सगळ्यात वाईट इजा मात्र ठोशानं होत नाही, पडण्यानं होते. धक्का साधाच असतो, मागं कडाप्प्याची पायरी असते, नळाचा ओटा असतो, बेंचचा लोखंडी कोपरा असतो. डोकं आपटल्यावर पोरगं उठून चालायला लागलं म्हणजे सुटलो असं नसतं. कवटीच्या आत रक्तस्राव झाला तर मूल काही वेळ अगदी ठीक दिसतं आणि मग ढासळतं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, न आवरणारी झोप, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, यातलं एकही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, नाहीतर जिथं सीटी स्कॅन होतं अशा जवळच्या दवाखान्यात न्यायचं. आणि पक्का दात मुळासकट पडला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मूळ घासायचं नाही, दुधात टाकायचा आणि तासाच्या आत दंतवैद्याकडं पोचायचं. लवकर पोचलं तर दात परत बसवता येतो. दुधाचा दात असेल तर बसवत नाहीत.

आता सोडवून घेण्याचं. हे घरी शिकवता येतं, त्यासाठी पैलवान असावं लागत नाही. रोज १० मिनिटं, आठवड्यातून तीनचार दिवस, महिनाभर. आठ वर्षांखालच्या मुलाला यातलं फक्त ओरडणं आणि मोठ्या माणसाकडं पळणं शिकवावं; पुढचं त्याच्यानंतर.

सुरुवात पवित्र्यापासून. दोन्ही पाय जुळवून उभं राहिलेलं पोरगं एका बोटाच्या धक्क्यानं मागं जातं. एक पाय अर्ध्या पावलानं पुढं, दोन्ही पायांत खांद्याएवढं अंतर, गुडघे किंचित सैल, भार चवड्यांवर. हात छातीसमोर, तळवे उघडे आणि समोर. मुठी वळायच्या नाहीत. उघड्या तळव्यांनी चेहरा वाचतो, आलेला हात बाजूला सारता येतो, आणि लांबून बघणाऱ्या शिक्षकांनाही दिसतं की हे पोरगं "थांब" म्हणतंय. सरावात आपण त्याच्या खांद्याला हलके धक्के द्यायचे, पुढून, बाजूनं, आणि त्यानं एक पाऊल सरकून तोल सावरायचा. बहुतेक मुलं इथं ताठ होतात, श्वास कोंडून धरतात. श्वास सोडायला सांगितला की गुडघे आपोआप सैल होतात.

मग आवाज. भीतीनं घसा सुकतो, म्हणून याचाही सराव लागतो. आधी श्वास सोडायचा, मग पोटातून, खालच्या पट्टीत, नाव घेऊन, चारपाचच शब्द: "अमुक, माझी बॅग सोड." नाव घेतल्यानं आसपासच्या मोठ्या माणसाला कळतं कोण काय करतोय. शिवी द्यायची नाही. शिवी दिली की तक्रार दोघांचीही होते. बॅग, डबा, टोपी ओढली जात असेल तर वस्तू सोडून द्यायची. कंपास बॉक्स पुन्हा आणता येतो. वस्तूला चिकटून राहिलेलं पोरगं खाली ओढलं जातं.

मनगट धरलं तर जवळजवळ प्रत्येक मूल एकच चूक करतं, ते हात सरळ आपल्याकडं ओढतं. समोरचा जास्त वजनाचा असेल तर यात तो हरणारच. पकड कितीही घट्ट असली तरी तिचा एक कच्चा भाग असतो, अंगठा आणि बोटं जिथं एकमेकांना भेटतात ती फट. मनगटाची अरुंद बाजू त्या फटीकडं वळवायची, कोपर समोरच्याच्या दिशेनं पुढं न्यायचं आणि हात आपल्या दुसऱ्या खांद्याकडं झटक्यात उचलायचा, त्याच क्षणी एक पाऊल मागं. त्यानं दोन्ही हातांनी धरलं असेल तर आपल्या मोकळ्या हातानं अडकलेल्या हाताची मूठ पकडायची आणि दोन्ही हातांच्या जोरावर वर ओढायची. सरावात आधी अर्ध्या ताकदीनं धरावं, प्रत्येक हाताला दहा वेळा, मग हळूहळू पकड वाढवावी. पहिल्या दिवशीच बापानं पूर्ण ताकदीनं धरलं की पोराला वाटतं हे जमणारच नाही, आणि ते सोडून देतं. दुसरी चूक सुटल्यानंतरची. सुटल्याच्या आनंदात मूल तिथंच उभं राहतं आणि पुन्हा धरलं जातं. सुटणं म्हणजे हात मोकळा होणं अधिक दोन पावलं मागं, हाताच्या टप्प्याच्या बाहेर, आणि मग माणसं असतील त्या दिशेला चालू पडणं. हे एकाच हालचालीसारखं बसलं पाहिजे.

केस धरले तर धरणाऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांनी डोक्यावरच दाबून धरायचा, म्हणजे ओढ बसत नाही, आणि मागं न जाता त्याच्या जवळ सरकायचं. वेणी असलेल्या मुलींना हे आवर्जून शिकवावं. मान काखेत आवळली तर हनुवटी छातीला लावायची, तोंड त्याच्या बरगड्यांकडं वळवायचं म्हणजे गळ्यावर दाब येत नाही, दोन्ही हातांनी त्याचं मनगट खाली ओढायचं आणि कंबर खाली घ्यायची. डोकं सरळ मागं ओढलं तर गळा आणखी आवळला जातो.

आणि पडणं. तालमीत लाल माती हौस म्हणून खणत नाहीत. ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवतात ती पडणाऱ्याच्या अंगाला जपायला. शाळेच्या फरशीला हे कुणी केलेलं नसतं. मागं पडताना हात पाठीमागं टेकवणं ही शरीराची पहिली ओढ असते, आणि त्यात मनगट किंवा कोपराच्या वरचं हाड मोडतं. घरी गादी अंथरून, आधी उकिडवं बसून, मग अर्धं वाकून, शेवटी उभ्यानं मागं पडायचा सराव करावा: हनुवटी छातीला, पाठ गोल, हात छातीशी. डोकं गादीला लागता कामा नये. हनुवटी पोराच्या लक्षात राहात नाही, म्हणून सुरुवातीला हनुवटीखाली रुमाल धरायला सांगावा. रुमाल पडला की पुन्हा. या सगळ्यात एकच गोष्ट शिकवायची तर मी हीच शिकवेन.

मारायचं कधीच नाही का? काही प्रसंग वेगळे आहेत. गळा धरला आहे, डोकं भिंतीवर आपटलं जातंय, तिघांनी मिळून खाली पाडलंय, समोरच्याच्या हातात कर्कटक किंवा दगड आहे, बंद खोलीकडं ओढत नेलं जातंय, कपड्यांना हात घातलाय. अशा वेळी मुलानं जे जमेल ते करावं. पायाच्या नळीवर लाथ, पावलावर टाच, दोन्ही हातांनी छातीवर धक्का, जीव खाऊन आरडाओरडा. आणि त्यासाठी त्याला घरी किंवा शाळेत एक शब्दही बोलू नये. हे त्याला आधीच, शांतपणे सांगून ठेवावं, म्हणजे त्या क्षणी परवानगीचा विचार करत ते थिजणार नाही. कायदाही याच बाजूनं आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि त्याची मर्यादाही तिथंच लिहिलेली आहे: बचावासाठी लागते त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. समोरचा सोडून पळाला आणि आपण मागं धावून मारलं, की तो बचाव राहात नाही. तेरा-चौदाच्या पोराला हा फरक नीट कळतो, त्याच्याशी उघड बोलावं.

तालमीत घालावं का, हे इथं प्रत्येक बाप विचारतो. घालावं, पण कशासाठी ते आधी ठरवून. जोर-बैठकांनी अंगात ताकद येते हे खरंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याचं वजन अंगावर येण्याची भीती जाते. रोज वीस वेळा पडून उठणाऱ्या पोराला कॉलर धरल्यावर रडू फुटत नाही. पण ओल्वेउस यांनीच एका सहकाऱ्याबरोबर २००५ साली नॉर्वेतल्या ११ ते १३ वर्षांच्या मुलांची २ वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत कुस्ती, बॉक्सिंग, वजन उचलणं अशा ताकदीच्या खेळांत गेलेल्या मुलांचं खेळाबाहेरचं दांडगाईचं वागणं वाढलेलं दिसलं. आपल्याला हे ऐकायला आवडणार नाही, पण दुर्लक्ष करू नये. फरक वस्तादावर पडतो. ज्या तालमीत बाहेर हात उचलला तर आखाडा बंद होतो, लहान पोरावर जोर काढणाऱ्याला मोठ्याबरोबर लावलं जातं आणि मोठा त्याला सांभाळून खेळवतो, तिथं बेलाशक पाठवावं. जिथं संध्याकाळी कट्ट्यावर "आमच्या तालमीच्या पोराला कोण बोललं" ही भाषा चालते, तिथं लाठीकाठी शिकायलासुद्धा पाठवू नये. चार दिवस संध्याकाळी बाजूला बसून बघितलं की हे कळतं. आणि आखाड्यातले डाव फरशीवर करायचे नाहीत, हे पहिल्या दिवशी सांगायचं. धोबीपछाड मातीत डाव आहे, काँक्रीटवर तो डोक्याची इजा आहे.

पण दोन हातांपेक्षा एक मित्र जास्त कामाला येतो. कॅनडात शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून केलेल्या निरीक्षणात, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत दुसरी मुलं हजर होती. मध्ये पडली ती १९ टक्के प्रसंगांत. आणि जिथं कुणी मध्ये पडलं, तिथं निम्म्याहून जास्त वेळा १० सेकंदांत प्रकार थांबला. दहा सेकंद! म्हणून वर्गातल्या बाकीच्या मुलांना शिकवण्यासारखं खूप आहे. त्यांनी त्रास देणाऱ्याशी भिडायचं नाही. ज्याला त्रास होतोय त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "चल, सर बोलावतायत," आणि त्याला तिथून घेऊन निघायचं. हसायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. आपलं मूल बुजरं असेल तर त्याला कराटेच्या क्लासला घालण्याआधी वर्गातलं एक मूल रविवारी घरी जेवायला बोलवावं. पुढच्या रविवारी परत बोलवावं.

मूल सांगत नाही तेव्हा ओळखायचं कसं? "कुणी मारतं का रे?" याला उत्तर "नाही" असंच येतं. त्याऐवजी "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?", "रिक्षात कुठं बसतोस?", "कुठल्या मजल्यावरच्या बाथरूमला जाता?" असं विचारावं. घरी आल्या आल्या बाथरूमकडं धावणारं मूल बहुतेक वेळा शाळेतलं स्वच्छतागृह टाळत असतं. रविवारी संध्याकाळी दुखणारं पोट, महिन्यात तिसऱ्यांदा हरवलेला कंपास, लांबून येण्याचा नवा रस्ता, कारण न सांगता मागितलेले वीस रुपये, यांची नोंद ठेवावी. त्रास बहुतेक ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी होतो: जिना, नळ, सायकल स्टँड, शाळेच्या रिक्षाची मागची सीट, शेवटची घंटा झाल्यावरची पंधरा मिनिटं. जागा आणि वेळ सापडली की निम्मं काम झालं. रिक्षामामांना सांगून मुलाला पुढं आपल्याजवळ बसवायला लावलं, तरी पुष्कळ प्रकरणं तिथंच थांबतात.

शाळेत तक्रार कागदावर करावी. गेटवर उभं राहून सरांना बोललेलं हवेत जातं. कागदावर तारीख, वेळ, जागा आणि नेमकं काय झालं एवढंच: "१२ तारखेला मधल्या सुट्टीत, दुसऱ्या मजल्यावरच्या नळाजवळ, सातवीतल्या दोन मुलांनी कॉलर धरून भिंतीला दाबलं आणि डबा सांडला. वर्गातली दोन मुलं तिथं होती. ही महिन्यातली तिसरी वेळ." अमानुष, गुंड, संस्कारहीन असले शब्द लिहिले की वाद त्या शब्दांवर सुरू होतो. प्रत मुख्याध्यापकांच्या नावे, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच. मागण्या तीन: त्या जागी त्या वेळी एक शिक्षक उभा असावा, बाक बदलायचा तर त्रास देणाऱ्याचा बदलावा, आपल्या मुलाचा नव्हे, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भेटायची तारीख आजच ठरावी. दोघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावणं मान्य करू नये. बरोबरीच्या भांडणात ते चालतं. इथं दुबळं पोरगं सरांसमोर "मिटलं" म्हणतं आणि जिन्यात त्याची किंमत मोजतं. दोघांशी वेगवेगळं बोलायला हवं. त्या मुलाच्या दारात जाऊन त्याच्या आईबापाला जाब विचारू नये. गल्लीसमोर प्रश्न अब्रूचा होतो आणि मग कुणीच मागं हटत नाही.

प्रकार वसतिगृहातला किंवा कॉलेजातला असेल तर महाराष्ट्राचा १९९९चा रॅगिंगबंदी कायदा आहे. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं त्यात संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन फुकट आहे, मूल स्वतः फोन करू शकतं. तो नंबर त्याला पाठ असावा. अंगाला घाणेरडा स्पर्श झाला असेल तर ती बाब शाळेत मिटवण्याची नाहीच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२चा आहे, आणि कळूनही पोलिसांना न कळवणं हाच त्यात गुन्हा आहे.

तक्रार कधी उलट्या बाजूनंही येते. शाळेतून फोन येतो की तुमचाच मुलगा दुसऱ्याला त्रास देतोय. तेव्हा "आमचा असा नाहीच" म्हणून शाळेवर धावून जाऊ नये, आणि घरी आणून पट्ट्यानं झोडपूही नये. मोठ्यानं लहानाला मारायचं असतं हेच त्याला त्यातून पुन्हा दिसतं. काय केलं ते त्याच्याच तोंडून, मध्ये न बोलता, पूर्ण ऐकून घ्यावं. फोडलेला डबा, फाडलेली वही त्यानं आपल्या खाऊच्या पैशातून भरून द्यावी, दोनतीन महिने लागले तरी. महिनाभर त्याला शाळेतून न्यायला-आणायला घरातल्या माणसानं जावं, म्हणजे शेवटच्या घंटेनंतरची ती पंधरा मिनिटं त्याच्या हातात राहात नाहीत. त्याला वरच्या वर्गातलं कुणी छळतंय का, घरात मोठा भाऊ हात टाकतो का, हेही बघावं. बऱ्याचदा तो दोन्हीकडचा असतो, वरून खाल्लेला मार खाली उतरवत असतो. अशा पोराचा त्रास वरच्या टोकाला थांबवला नाही तर त्याच्याकडून कितीही माफीपत्रं लिहून घेतली तरी पुढच्या महिन्यात शाळेचा फोन पुन्हा येतो.